ओव्हरऑल ७ असूनही सीआरएस कमी का? कॅनडा पीआर आणि अर्ध्या बँडची किंमत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३२, कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस्सी., सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला भारतातला सहा वर्षांचा अनुभव, कॅनडात काम केलेलं नाही. आयईएलटीएस जनरल या इंग्रजी परीक्षेत लिसनिंग ७.५, रीडिंग ७.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७, ओव्हरऑल ७. मिस्टर बी.कॉम. आहेत, त्यांनी इंग्रजीची परीक्षा दिलेली नाही. दोघांच्या पदव्यांचं ईसीए, म्हणजे त्या कॅनडातल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीच्या आहेत याचं मूल्यमापन, झालंय. पीआरसाठी (कायम वास्तव्यासाठी) उमेदवार निवडणाऱ्या एक्सप्रेस एंट्री या पद्धतीत सीआरएस, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारा गुणांक, ३७१ दिसतोय. परीक्षा पुन्हा द्यायची की पीटीई किंवा सेलपिप या दुसऱ्या इंग्रजी परीक्षांकडे वळायचं, आणि मिस्टरांनीही द्यावी का?

आधी उत्तर सांगतो. पुन्हा द्या आणि या खेपेला आयईएलटीएसच द्या. लिसनिंगला ८ आणि रायटिंगला ७ हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. मिस्टरांनीही द्यावी, आणि नुसती हजेरी लावायला नको, तयारी करून द्यावी. आता कारणं. ती नीट कळली नाहीत तर दुसऱ्या वेळीही मेहनत चुकीच्या जागी खर्च होते. बऱ्याच वर्षांपासून पीआरसाठी इंग्रजीची तयारी करून घेतोय, आणि हुशार माणसंसुद्धा इथेच अडकलेली पाहिली आहेत.

'ओव्हरऑल ७ म्हणजे उत्तम' असं तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं. विद्यापीठात प्रवेश घ्यायचा असता तर ते बरोबरही होतं. पीआरच्या हिशेबात मात्र ओव्हरऑलला काही स्थान नाही. कॅनडाचं इमिग्रेशन खातं चारही मॉड्यूलचे बँड, म्हणजे ९ पैकी मिळालेले गुण, वेगवेगळे घेतं आणि प्रत्येकाचं सीएलबी पातळीत, म्हणजे कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्कमध्ये, रूपांतर करतं. सीएलबी ७ ला चारही मॉड्यूलमध्ये ६ पुरतात. सीएलबी ९ ला रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये ७ लागतात, लिसनिंगमध्ये मात्र ८. तुमचं लिसनिंग ७.५ आहे आणि मार्कशीटवर रीडिंगच्या बरोबरीने तोच तुमचा सगळ्यात चांगला बँड दिसतो. पण ७.५ म्हणजे लिसनिंगमध्ये सीएलबी ८. रीडिंगचे तेच ७.५ सीएलबी ९ मध्ये बसतात. रायटिंगचे ६.५ हेही सीएलबी ८. म्हणजे तुमचं चित्र ८, ९, ८, ९ असं आहे.

इथे दोन दरवाजे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला पात्रतेचा. फेडरल स्किल्ड वर्कर प्रोग्रामसाठी चारही मॉड्यूलमध्ये किमान सीएलबी ७ आणि १०० पैकी ६७ गुण लागतात. तुमचे तिथे भाषेचे २२, शिक्षणाचे २३, अनुभवाचे १५ आणि वयाचे १२ असे ७२ होतात. म्हणजे तुम्ही पात्र आहात आणि तो दरवाजा ओलांडलेला आहे. दुसरा दरवाजा स्पर्धेचा, म्हणजे सीआरएसचा. तिथे 'पास' हा प्रकार नाही, रांगेत तुम्ही कुठे उभे आहात एवढंच बघितलं जातं. 'सीएलबी ७ आलं, झालं काम' असं म्हणून दोन-दोन वर्षं पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, थांबलेली माणसं आहेत. तेवढ्यात परीक्षेची मुदत संपते आणि हाती काहीच राहत नाही.

तुमचे ३७१ कसे आले ते पाहू. जोडीदारासह अर्ज असेल तर ३२ व्या वर्षी वयाचे ८५, मास्टर्सचे १२६. भाषेत सीएलबी ८ ला प्रत्येकी २२ आणि सीएलबी ९ ला प्रत्येकी २९, म्हणून तुमचे १०२. मिस्टरांच्या पदवीचे ८. उरले ५०, ते स्किल ट्रान्सफरेबिलिटीचे, म्हणजे दोन गोष्टींच्या जोडीला मिळणारे जादा गुण: शिक्षण आणि इंग्रजी यांच्या जोडीचे २५, परदेशातला अनुभव आणि इंग्रजी यांच्या जोडीचे २५.

या शेवटच्या ५० वर माझं सगळं बोलणं टेकलेलं आहे. चारही मॉड्यूलमध्ये सीएलबी ९ असेल तर तुमच्या शिक्षणाला आणि अनुभवाला त्या २५ ऐवजी प्रत्येकी ५० मिळतात, म्हणजे एकूण १००. आणि अट 'चारही मॉड्यूल' अशीच आहे. तीन मॉड्यूलमध्ये ९ आणि एकात ८ असलं तरी या खात्यात तुम्ही जिथे होतात तिथेच राहता.

समजा, पुढच्या वेळी तुम्ही फक्त लिसनिंग ८ केलंत आणि रायटिंग ६.५ वरच राहिलं. सीआरएस ३७८ होईल, म्हणजे फक्त ७ गुणांची वाढ. दोन्ही जमलं तर थेट ४३५. त्या दुसऱ्या अर्ध्या बँडमागे ५७ गुण आहेत. एकट्याने अर्ज करणाऱ्याला हाच फरक ५८ गुणांचा पडतो, कारण तिथे सीएलबी ८ ला २३ आणि ९ ला ३१ मिळतात. नोकरीत आणखी वर्षं काढून किंवा आणखी एक पदवी घेऊन एवढी वाढ तुम्हाला मिळणार नाही. तीन वर्षांच्या पुढे परदेशी अनुभवाचे गुण वाढतच नाहीत, आणि वय मात्र दर वाढदिवसाला ५ गुण कापून नेतं. ३३ पूर्ण झाली की तुमचे ८५ चे ८० होतील.

म्हणून तयारीचा माझा नियम असा की बलस्थानांवर वेळ घालवू नका. सरासरी वाढवायची सवय शाळेपासून अंगात मुरलेली असते, गणितात जास्त मिळवून भाषेची कसर भरून काढायची. इथे रीडिंग ९ आलं तरी रायटिंगच्या ६.५ ला त्याचा काडीचा उपयोग नाही. सगळा खेळ सगळ्यात कच्च्या मॉड्यूलवर चालतो.

आता परीक्षा कुठली? कॅनडा पीआरसाठी इंग्रजीच्या तीन परीक्षा चालतात: आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेलपिप जनरल आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून पीटीई कोअर. आयईएलटीएस ॲकॅडमिक चालत नाही, पीटीई ॲकॅडमिकही चालत नाही. घरून ऑनलाइन दिलेली परीक्षा चालत नाही, केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमातून झालं असलं तरी सूट नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसालासुद्धा ती नाही.

'पीटीई सोपी असते' हे वाक्य तुमच्या कानावर आलंच असेल. ते बहुतेक ऑस्ट्रेलियाच्या अर्जांवरून आलेलं असतं. तिथली परीक्षा वेगळी, तिथले आकडे वेगळे. पीटीई कोअरचं कॅनडाचं कोष्टक उघडून बघा: सीएलबी ९ साठी लिसनिंग ८२, रीडिंग ७८, स्पीकिंग ८४ आणि रायटिंग ८८. हे सगळं ९० पैकी. रायटिंगमध्ये ९० पैकी ८८ म्हणजे चुकायला जागाच नाही. शिवाय पीटीईत एकाच प्रश्नाचे गुण दोन कौशल्यांत जातात. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं टाइप करायच्या प्रश्नात शब्द सुटला, तर लिसनिंग आणि रायटिंग दोन्हीकडे फटका बसतो. टायपिंग पक्कं, उच्चार स्वच्छ आणि ऐकलेलं वाक्य डोक्यात धरून ठेवायची ताकद असेल त्यांना ती मानवते. तुमचे दोन कच्चे दुवे नेमके लिसनिंग आणि रायटिंगच आहेत, म्हणून मी तुम्हाला तिकडे पाठवत नाही.

सेलपिपची गोष्ट वेगळी. ती पूर्ण कॅनेडियन परीक्षा आहे, एका बैठकीत साधारण तीन तासांत कॉम्प्युटरवर संपते आणि तिची पातळी म्हणजेच सीएलबी, ९ आले की ९. लिसनिंगमध्ये पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं, त्यामुळे स्पेलिंगचे गुण जात नाहीत. रायटिंगमध्ये एक ईमेल आणि एक सर्वेक्षणाला उत्तर, प्रत्येकी १५० ते २०० शब्दांत. आयईएलटीएसच्या निबंधात ज्यांचं रायटिंग अडकतं त्यांना हे जवळचं वाटतं. पण बोलायचं असतं कॉम्प्युटरशी, घड्याळ समोर चालू असतं आणि त्याच खोलीत इतरही बोलत असतात. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून खुलणाऱ्यांना तिथे अवघड जातं. तुमचं स्पीकिंग बरोब्बर ७ वर, म्हणजे सीएलबी ९ च्या उंबरठ्यावर आहे. त्यामुळे पहिल्यांदाच परीक्षा बदलण्याचा धोका मला पटत नाही. नीट तयारी करून आयईएलटीएस दिल्यावरही रायटिंग ६.५ वरच राहिलं, तर सेलपिपची पूर्ण मॉक देऊन मग ठरवा. एक लक्षात असू द्या: चारही स्कोअर एकाच परीक्षेचे लागतात. आयईएलटीएसचं रीडिंग आणि सेलपिपचं रायटिंग अशी जुळवाजुळव होत नाही.

रीचेकिंगबद्दलही विचाराल. आयईएलटीएसमध्ये परीक्षेपासून सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि बँड बदलला तर फी परत मिळते. बाकी तिन्ही मॉड्यूल सीएलबी ९ ला पोचलेले असते आणि फक्त रायटिंग ६.५ असतं, तर मी आजच करा म्हटलं असतं, कारण रायटिंग माणूस तपासतो आणि अर्धा बँड इकडेतिकडे होऊ शकतो. लिसनिंगची उत्तरं ठरलेली असतात, तिथे बदलाची आशा फार कमी. तुमचं लिसनिंगच ७.५ आहे, त्यामुळे आत्ता तिथे पैसे घालण्यात अर्थ नाही.

लिसनिंगकडे वळू. ४० प्रश्न, रेकॉर्डिंग एकदाच. ८ बँडला साधारण ३५ उत्तरं बरोबर लागतात. तुमची आत्ता दोन-तीन उत्तरंच कमी पडताहेत, त्यामुळे 'माझं इंग्रजी ऐकणं कमी पडतं' असं समजून दिवसभर पॉडकास्ट लावून बसू नका. ती दोन-तीन उत्तरं कुठे गळतात ते शोधा. एक सराव टेस्ट सोडवा, मग ट्रान्सक्रिप्ट समोर घेऊन प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. चार-पाच टेस्टनंतर कारणं तीच-तीच दिसायला लागतात. अनेकवचनाचा 'एस' सुटला. सूचना होती जास्तीत जास्त दोन शब्दांची आणि तुम्ही तीन लिहिले, मग उत्तर बरोबर असूनही गुण शून्य. बोलणारी बाई आधी 'ट्यूजडे' म्हणाली, तुम्ही लिहून मोकळ्या झालात, आणि पुढच्याच वाक्यात तिने बदलून 'थर्सडे' केलं. असे गळ मुद्दाम टाकलेले असतात.

या सगळ्यांहून मोठी गळती एक आहे आणि ती ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसत नाही. १७ वा प्रश्न सुटला. तुम्ही 'काय बरं म्हणाला तो' यात अडकलात आणि तेवढ्यात १८ वा आणि १९ वा निघून गेले. उत्तरपत्रिकेत सलग दोन-तीन चुका दिसल्या तर कारण बहुतेक हेच असतं. याचा सराव करता येतो. टेस्ट सोडवताना एक प्रश्न मुद्दाम सोडून द्या आणि पेन पुढच्या प्रश्नावर ठेवायची सवय लावा. सुटलेला प्रश्न मनातून सोडवत नाही म्हणून बरेच जण ७.५ वर थांबतात.

रायटिंग हे खरं काम, तिथे निम्म्याहून जास्त वेळ द्या. तासाभरात किमान १५० शब्दांचं पत्र आणि किमान २५० शब्दांचा निबंध, आणि निबंधाचं वजन पत्राच्या दुप्पट. तपासणारा चार गोष्टी बघतो: विचारलं त्याचं उत्तर दिलंय का, मजकूर सलग वाहतो का, शब्दांची निवड, आणि व्याकरण. चारही गोष्टींना सारखं वजन. ६.५ वाले बहुतेक जण शब्द आणि व्याकरणावर तुटून पडतात, पण पुष्कळदा त्यांचे गुण पहिल्या गोष्टीत गेलेले असतात.

पत्राचं उदाहरण घ्या. भाड्याच्या घरात छत गळतंय, घरमालकाला लिहायचंय: अडचण काय, तिचा त्रास काय होतोय, आणि त्याने काय करावं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ पत्रांत गळतीवर सहा ओळी असतात, त्रासावर चार, आणि शेवटी एकच ओळ: 'काइंडली डू द नीडफुल.' आपल्या ऑफिसांत ते खपून जातं. इथे तिसरा मुद्दा तुम्ही लिहिलाच नाही असा त्याचा अर्थ होतो. प्लंबर कधी पाठवा, मी शनिवारी घरी आहे, तोपर्यंत बैठकीच्या खोलीतलं सामान कुठे हलवू, भिजलेल्या गालिच्याचा खर्च कोण देणार, असं काहीतरी ठोस तिथे हवं. तिन्ही मुद्द्यांना सारखी जागा द्या. घरमालकाशी ओळख नसेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत औपचारिक राहा, वर 'डिअर सर' आणि खाली 'चिअर्स' नको.

निबंधात 'दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या' असं विचारलं असेल तर मत शेवटच्या ओळीत चिकटवू नका. सुरुवातीलाच सांगा आणि तिथून ढळू नका. 'इन टुडेज मॉडर्न एरा' ने सुरू होणारी पाठ केलेली प्रस्तावना टाकून द्या. तपासणाऱ्याला पाठ केलेलं लगेच कळतं आणि ते गुणांत धरलं जात नाही. 'प्लेथोरा' सारखे जडजवाहीर शब्द घुसवण्यापेक्षा साधा शब्द योग्य जागी हवा.

व्याकरणात ७ ला बरीच वाक्यं पूर्ण निर्दोष असावी लागतात. आपल्या मराठी माणसांच्या चुका ठरलेल्या आहेत: 'ए', 'ॲन' आणि 'द' गाळणं, कारण आपल्या भाषेत ते नाहीत, 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', आणि 'आय ॲम हॅविंग अ कार'. लिहून झाल्यावर शेवटची चार मिनिटं फक्त याच चुका शोधायला ठेवा. आठवड्याला तीन निबंध पुरे, पण प्रत्येक कुणाकडून तरी तपासून घ्या आणि तोच निबंध पुन्हा लिहा. दुसऱ्यांदा लिहिताना जे शिकायला मिळतं ते नवीन दहा निबंधांत मिळत नाही. ६.५ वरून ७ ला मी साधारण सहा ते आठ आठवडे धरतो. निकाल हाती येताच पुढच्याच आठवड्याची तारीख घेऊन काही बदलत नाही.

रीडिंग आणि स्पीकिंग फक्त गरम ठेवा. आठवड्याला रीडिंगची एक टेस्ट, आणि दर दोन दिवसांनी स्पीकिंगच्या दुसऱ्या भागासारखं दोन मिनिटं सलग बोलणं, रेकॉर्ड करून. स्पीकिंग अर्ध्या बँडने जरी घसरलं तरी वरचा सगळा हिशेब कोसळेल.

मिस्टरांचं: चारही मॉड्यूलमध्ये सीएलबी ९ आलं तर २० गुण, ७ किंवा ८ आलं तरी १२. त्यांना ट्रान्सफरेबिलिटीची ती कडक अट नाही, प्रत्येक मॉड्यूलचे गुण सुटे मिळतात. तुमचे ४३५ आणि त्यांचे २०, म्हणजे ४५५.

नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल, तर एक तर आधी पासपोर्ट बदला किंवा सगळीकडे तेच नाव ठेवा. मध्येच बदल झाला तर प्रत्येक टप्प्यावर खुलासा देत बसावं लागतं. आणि 'परीक्षा न देता स्कोअर मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजंटच्या दारात पाऊल ठेवू नका. खोटी माहिती उघड झाली की पाच वर्षं कॅनडाचे दरवाजे बंद होतात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०२५ मध्ये कॅनडातला अनुभव असलेल्यांच्या ड्रॉचा, म्हणजे पूलमधून अर्जाचं आमंत्रण देण्याच्या फेरीचा, कट-ऑफ ५०० च्या वरच राहिला. तुमच्याकडे तो अनुभव नाही म्हणून ते ड्रॉ तुमच्यासाठी नाहीतच, शिवाय ४५५ वर तुम्ही तेवढ्या कट-ऑफलाही पोचत नाही, आणि इंग्रजीत सीएलबी १० आणलंत तरी आणखी फक्त १२ गुण मिळतात. पुढचा रस्ता नॉमिनेशनचा, म्हणजे कॅनडातल्या एखाद्या प्रांताने तुमची निवड करण्याचा, ज्याचे ६०० गुण आहेत, किंवा फ्रेंचचा. फ्रेंचमध्ये चारही कौशल्यांत पातळी ७ आली की दुसऱ्या भाषेचे १२ आणि जादा ५० असे ६२ मिळतात. शिवाय फ्रेंच येणाऱ्यांचे ड्रॉ वेगळे निघतात. २१ मार्च २०२५ चा ड्रॉ ३७९ वर गेला होता. शून्यापासून तिथे पोचायला नोकरी सांभाळून दीड वर्ष सहज लागतं. तेवढ्यात वयाचे ५-१० गुण जातील, तरी फायदा मोठाच आहे.

मात्र तारखा जुळवा. निकाल दोन वर्षंच चालतो. प्रोफाइल भरताना आणि आमंत्रण आल्यावर अर्ज दाखल करतानाही तो दोन वर्षांच्या आतला असावा लागतो. आमंत्रणानंतर अर्जाला ६० दिवस मिळतात. अर्ज एकदा दाखल झाला की नंतर मुदत संपली तरी चालते. म्हणून प्रांताकडे प्रयत्न करणार असाल तर आयईएलटीएस याच दोन-तीन महिन्यांत द्या. नुसत्या फ्रेंचवर भिस्त असेल, तर फ्रेंचची टीईएफ किंवा टीसीएफ कॅनडा ही परीक्षा टप्प्यात आल्यावर इंग्रजीची तारीख घ्या, म्हणजे दोन्ही निकाल एकाच वेळी ताजे राहतील. तोवर रायटिंगचा सराव चालू ठेवा. कुठला रस्ता धरताय ते कळवा, सोबत तपासलेला एखादा निबंध पाठवा. पुढचं तो वाचून सांगतो.